शिक्षा कुठे संपते?

न्यायालयाने दिलेली शिक्षा पूर्ण भोगून माणूस तुरुंगाबाहेर येतो, तेव्हा कायद्याचे त्याच्याकडून काही येणे उरलेले नसते. तरीही नोकरीच्या अर्जात, भाड्याचे घर शोधताना, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत त्याचा गुन्हा त्याच्या आधी पोचलेला असतो. म्हणूनच गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा कायदा करू पाहणाऱ्या प्रत्येक राज्याला एका जुन्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. शिक्षेने नेमके काय संपते? केलेले कृत्य न केलेले होत नाही, हे उघड आहे. मग संपते ते काय, आणि ते संपले असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? राजाचा, समाजाचा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा, की गुन्हा करणाऱ्याच्या स्वतःच्या मनाचा? धर्मशास्त्राने, बौद्ध परंपरेने आणि युरोपातल्या तत्त्वज्ञांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांत या सगळ्यांचे अंश सापडतात. एक महत्त्वाचा भाग मात्र त्यांतून सुटून गेला आहे.

धर्मशास्त्रात अपराधाचा विचार दोन अंगांनी होई. दंड राजा देई, प्रायश्चित्त विद्वानांची परिषद सांगे. एकाच कृत्याला दोन्ही लागू होऊ शकत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की, पाप करून राजाकडून दंड मिळालेली माणसे निर्मळ होतात आणि पुण्यवंतांसारखीच स्वर्गाला जातात. म्हणजे दंड पापाचीही फेड करतो. अकराव्या अध्यायात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी येतो, तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. अशुभ दिवशी, संध्याकाळी, गावाबाहेर त्याच्या भाऊबंदांनी तो जिवंत असतानाच त्याला मृतासारखे उदक द्यायचे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने उलथून टाकायचा, आणि मग त्याच्याशी बोलणे, त्याच्याबरोबर बसणे, त्याला वाटणी देणे सगळे बंद करायचे. पण विधी एवढ्यावर थांबत नाही. त्याने प्रायश्चित्त केल्यावर त्याच भाऊबंदांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करायचे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या पाण्यात सोडायचा. त्यानंतर तो आपल्या घरात जातो आणि नात्यागोत्याची सगळी कर्तव्ये पूर्वीसारखी करू लागतो. ज्याने प्रायश्चित्त घेतले आहे त्याची घृणा कधीही करू नये, असेही मनू स्पष्ट सांगतो. बाहेर काढणे जितके जाहीर, तितकेच परत घेणेही जाहीर, आणि ज्यांनी बाहेर काढले त्यांनीच परत घ्यायचे, ही या विधीतली सर्वात मोलाची गोष्ट. मराठेशाहीतल्या जातिपंचायतींच्या व्यवहारातही प्रायश्चित्तानंतर माणसाला पंक्तीला बसवून घेतले जाई. त्या पंगतीनेच तो परत आल्याचे गावाला कळे.

याज्ञवल्क्य स्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका या विचाराला आणखी खोलात नेतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेलेली ही टीका महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली. न कळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते, पण जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत प्रायश्चित्त करणारा केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे त्याच्याशी इतरांनी पुन्हा व्यवहार ठेवायला हरकत उरत नाही, असे याज्ञवल्क्याचे म्हणणे आहे. मिताक्षरेने त्यावरून पापाच्या दोन शक्ती वेगळ्या केल्या. एक नरकाकडे नेणारी, दुसरी समाजातला व्यवहार तोडणारी. पहिली उरली तरी दुसरी दूर होऊ शकते. आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा भेद फार कामाचा आहे. अंतःकरण शुद्ध झाले की नाही हे कोणालाच पाहता येत नाही. माणसाशी व्यवहार करायचा की नाही हे मात्र समाज ठरवू शकतो, आणि तेवढेच त्याच्या हातात आहे.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिचा दोष झाकता येत नाही. दंड आणि प्रायश्चित्त दोन्ही वर्णानुसार कमीजास्त होत. ब्राह्मणाला सौम्य आणि शूद्राला कठोर, ही विषमता ग्रंथांत उघडपणे लिहिलेली आहे. बहिष्काराचे हत्यार पुढे जातिपंचायतींनी प्रेमविवाह करणाऱ्यांवर आणि बंड करणाऱ्यांवर चालवले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली स्वतंत्र कायदा केला, तो याच अनुभवातून. तेव्हा परत घेण्याची कल्पना घ्यावी, पण परत घेणारी ती जातिपंचायत घेऊ नये.

बौद्ध परंपरेने हाच प्रश्न अंगुलिमालाच्या कथेत मांडला, आणि तिथे उत्तर सोपे राहिले नाही. मज्झिमनिकायातल्या या सुत्तात मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर बुद्धाच्या भेटीनंतर भिक्षू होतो. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो. वाटेत बुद्ध त्याला विचारतो की, अंगुलिमाल शीलवान भिक्षू झालेला दिसला तर काय करशील? राजा म्हणतो, त्याला वंदन करीन. मग शेजारीच बसलेला भिक्षू तोच आहे हे कळल्यावर राजा आधी घाबरतो, आणि नंतर त्याला चीवर देऊ करतो. राज्याने दंड सोडला. पण अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याला ढेकळे, काठ्या, खडे लागतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले, वरचे वस्त्र फाटलेले अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला हे सोसायला सांगतो. अनेक वर्षे नरकात भोगावे लागले असते त्या कर्माचे फळ तू इथेच भोगतो आहेस, असे समजावतो. राजाने माफ केले म्हणजे श्रावस्तीतल्या आयाबापांनी माफ केले असे होत नाही, हे या कथेत दडवलेले नाही. आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा भिक्षेला जाऊ शकतो. वस्तीत त्याची जागा राहते, संघातही राहते.

युरोपात चर्चा वेगळ्या वळणाने गेली. घडलेले कृत्य परत घेता येत नाही म्हणून शिक्षा सूडासाठी नसावी, ती पुढच्या काळाकडे पाहून द्यावी, असे प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात म्हटले, आणि शिक्षेला औषधाची जागा दिली. कांटने याला कडाडून विरोध केला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. त्याने गुन्हा केला आहे, एवढ्याच कारणासाठी त्याला शिक्षा द्यावी आणि गुन्ह्याच्या तोलाची द्यावी, हे त्याचे म्हणणे. हेगेल तर शिक्षा हा गुन्हेगाराचा हक्कच मानतो, कारण शिक्षा करताना समाज त्याला विचार करू शकणारा माणूस म्हणून वागवतो. गुन्ह्याला रोग मानणारी मते आधुनिक काळात बळावली. गांधीजीही गुन्हेगाराकडे रोगी म्हणून पाहावे आणि तुरुंग रुग्णालयासारखे चालावेत असे सांगत. या मतातली करुणा खरी आहे. पण त्यातला धोका सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाने 1949 मध्ये दाखवून दिला. शिक्षेला मुदत असते, उपचाराला नसते. बरा झालास असे तज्ज्ञाने म्हणेपर्यंत माणूस अडकून राहतो आणि न्यायाने मिळणारे संरक्षण गमावतो.

हा धोका कल्पनेतला नव्हता. भारतात ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटा अशा जमातींतली माणसे जन्मतःच संशयित ठरली. सोलापुरात त्यांची वसाहत तारेच्या कुंपणात वसवली; हजेरी लावायची, परवान्याशिवाय बाहेर जायचे नाही, कापडगिरणीत काम करायचे. या वसाहतींचा उघड हेतू सुधारणा हाच होता. शहराच्या त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. 1952 साली कायदा रद्द झाला, पण मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. वारंवार शिक्षा झालेल्याची नोंदणी, त्याच्या फिरण्यावर बंधने, वसाहतीत ठेवून प्रशिक्षण या तरतुदी त्यात आल्या. नव्या कायद्याने जमातीऐवजी व्यक्तीला धरले, ही सुधारणा खरी. पण पोलिसांची नजर विमुक्तांच्या, म्हणजे रद्द झालेल्या कायद्यातून सुटलेल्या या जमातींच्या, पालांवरून हटली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात तुरुंगांतल्या जातीनुसार कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. झाडू एका जातीच्या हाती आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या, असे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तोवर होते. त्याच निकालात विमुक्त जमातींना सराईत ठरवण्याच्या सवयीवरही न्यायालयाने बोट ठेवले.

याच्या अगदी उलट मनोवृत्तीचे कायदेही याच प्रदेशात झाले. मुंबई इलाख्यात तरुण गुन्हेगारांसाठी 1929 साली बोर्स्टल शाळांचा कायदा आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे आजच्या विदर्भातही, 1936 मध्ये आणि मुंबईत 1938 मध्ये परिविक्षेचे, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे सोडण्याचे, कायदे झाले. पुढे 1958 साली केंद्राने देशपातळीवर अपराधी परिविक्षा अधिनियम केला. त्याची रचना साधी आहे. किरकोळ चोरी किंवा फसवणूक अशा गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला न्यायालय समज देऊन सोडू शकते. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात, तीन वर्षांपर्यंत नीट वागण्याचे बंधपत्र घेऊन मोकळे करू शकते. आरोपी 21 वर्षांखालील असेल, तर जन्मठेपेपेक्षा हलक्या गुन्ह्यात त्याला तुरुंगात पाठवण्यासाठी कारणे लिहून द्यावी लागतात. निकालाआधी परिविक्षा अधिकारी त्याच्या घरी जातो, आईवडिलांशी, शेजाऱ्यांशी, मालकाशी बोलतो, आणि त्याचा गोपनीय अहवाल न्यायाधीशापुढे येतो. फौजदारी खटल्याच्या एवढ्या मोठ्या व्यवस्थेत ‘हा माणूस कोण आहे’ हा प्रश्न कोणी घरी जाऊन विचारण्याची ही बहुधा एकमेव जागा. दुर्दैवाने तिचा उपयोग फार थोड्या खटल्यांत होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवेची शिक्षा आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर ती देता येते. लोकांच्या डोळ्यांदेखत काम करून चुकीची भरपाई करणे, हे तुरुंगापेक्षा प्रायश्चित्ताला अधिक जवळचे आहे.

महाराष्ट्रातला सर्वात धाडसी प्रयोग मात्र कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेवरून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. खुनाची शिक्षा झालेले कैदीही तिथे भिंतीशिवाय राहू लागले, जमीन कसू लागले, बायकामुलांना सोबत ठेवू लागले. आटपाडी हा माणदेशाचा दुष्काळी मुलूख. तिथे पीक काढायचे तर विहीर, पाट, बैल यांची काळजी रोज घ्यावी लागते, आणि पळून जायचे मनात आणले तर अडवायला कोणी नसते. माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावर कथा लिहिली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 साली आला. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. येरवडा आणि पैठण इथेही खुली कारागृहे आहेत. स्वतंत्रपूरने एक गोष्ट सिद्ध केली. सुधारल्यावर विश्वास ठेवायचा, हा क्रम उलटा करता येतो. आधी विश्वास ठेवला की सुधारायला वाव मिळतो, आणि सुधारणा झाली की नाही याची परीक्षा घेण्यासाठी कोणाच्या मनात डोकवावे लागत नाही. सकाळी कैदी शेतावर असतो, एवढे पुरते.

इतर कैद्यांना घराशी जोडून ठेवणारे साधन म्हणजे रजा. तुरुंगाच्या नियमांनुसार संचित रजा ठराविक काळाने मिळते, ती चांगल्या वर्तणुकीची कमाई असते. अभिवचन रजा आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी मिळते. 2022 मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यातल्या बंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली: 50,000 रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. मुलाच्या फीसाठी आतल्या बापाने स्वतःच्या कष्टावर कर्ज काढावे आणि ते फेडावे, यात त्याचे बापपण टिकते. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये कैद्यांच्या मजुरीतला काही भाग ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी बाजूला काढण्याची कल्पना मान्य केली, ती आणखी एका कारणाने महत्त्वाची. पुनर्वसनाच्या बोलण्यात पीडित बहुतेक वेळा विसरला जातो.

पीडिताला विसरण्याचा परिणाम काय होतो, हे 15 ऑगस्ट 2022 रोजी दिसले. गुजरातमधल्या 2002 च्या दंगलीत सामूहिक बलात्कार आणि अनेक खुनांच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या अकरा जणांना गुजरात सरकारने शिक्षेत माफी देऊन सोडले, आणि बाहेर त्यांचे हार घालून स्वागत झाले. हा खटला मुंबईत चालला होता. म्हणून माफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी ती माफी रद्द केली. निकालाच्या सुरुवातीलाच न्यायालयाने प्लेटोचा शिक्षा-औषधाचा विचार आठवला होता. इथे राज्याच्या अधिकाराची मर्यादा स्पष्ट होते. राज्य शिक्षेचे दिवस कमी करू शकते, क्षमा करू शकत नाही. क्षमा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच असते, आणि ती न करण्याचाही त्याला पूर्ण हक्क आहे. पश्चात्तापही राज्याला मागता येत नाही, कारण मागून मिळतो तो बहुधा नाटकी असतो. राज्याच्या हातात उरते ते मिताक्षरेने वेगळे काढलेले दुसरे अंग, व्यवहाराचे.

आणि नेमके तिथेच आपले कायदे तोकडे पडतात. बाहेर काढण्याचा विधी त्यांत पूर्ण आहे, परत घेण्याचा नाही. परिविक्षा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण मुळात ज्या वर्तनामुळे गुन्हा घडला त्यासाठी नोकरीतले खाते कारवाई करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये सांगितले, आणि कलमाचे बळ कमी झाले. बालन्याय कायद्याचे 24 वे कलम मुलांची नोंद काही अपवाद वगळता नष्ट करायला सांगते. प्रौढासाठी असे काहीच नाही. तुरुंगातून सुटल्यावर तो पुढच्या निवडणुकीत मतदान करू शकतो. दोन वर्षांची शिक्षा झालेली असली, तरी लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सुटकेनंतर सहा वर्षांनी तो आमदारकीला उभा राहू शकतो. शिपायाच्या किंवा चालकाच्या नोकरीसाठी मात्र मुदतच ठरलेली नाही. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय’ असा रकाना असतो. खरे लिहिले तर अर्ज बाजूला पडतो, आणि खोटे लिहिले तर लपवाछपवी हाच नवा दोष होतो. विसाव्या वर्षी झालेल्या मारामारीसाठी तरुणाला आयुष्यभर शिक्का मारू नये, अशा आशयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीबाबत दिला. 2016 मध्ये त्याबद्दल विस्ताराने तत्त्वेही घालून दिली. पण प्रत्येकाने दिल्लीपर्यंत दाद मागत जावे, ही व्यवस्था होऊ शकत नाही. इंग्लंडने 1974 मध्येच कायदा करून ठरवले की, ठराविक वर्षे नवा गुन्हा न करता गेली की जुनी दोषसिद्धी संपली असे मानायचे, आणि ती कोणी विचारली तर सांगण्याचे बंधन नाही.

असे काही करायचे तर सगळे केंद्रावर सोडण्याचे कारण नाही. कारागृहे आणि बोर्स्टल संस्था राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आहेत. राज्य सेवेतल्या भरतीचे नियम राज्यच करते, आणि पडताळणी करणारे पोलीसही त्याच्याच गृहखात्याचे. शिक्षेच्या मुदतीनुसार पाच, सात, दहा वर्षांनी चारित्र्य पडताळणीतला तो रकाना रिकामा ठेवण्याचा हक्क राज्य कायद्याने देऊ शकते. अपवाद लागतीलच. मनूनेही घृणा करू नये असे सांगितल्यावर लगेच बालहत्या, स्त्रीहत्या आणि शरण आलेल्याची हत्या करणारे शुद्ध झाले तरी त्यांच्याबरोबर राहू नये असे म्हटले आहे. आजच्या कायद्यात हा अपवाद जागेपुरता आखता येतो. मुलांवरच्या अत्याचाराची शिक्षा झालेल्याला शाळेत, वसतिगृहात, पाळणाघरात काम नाही, आणि तिथे विचारणा झाली की नोंद उघड करायची. तोच माणूस गवंडीकाम किंवा शेती करत असेल तर ती विचारणा करण्याचा अधिकार कोणाला नाही. न्यायालयातला मूळ निकाल कायम राहतो, पीडिताला तो केव्हाही पाहता येतो, आणि पुन्हा गुन्हा झाला तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशापुढेही तो येतो.